एकाच झाडाच्या दोन फळ्या

१९३६ सालचा तो हिवाळा. नवं वर्ष लागलं तेव्हा एस्टोनियातल्या हाप्सालूची खाडी केव्हाच गोठलेली होती, आणि बर्फ असा काही धरला होता की म्हातारे कोळीसुद्धा काठावर उभे राहून नुसते बघत बसायचे. काळा, गुळगुळीत, खालचं शेवाळ हलताना दिसावं इतका स्वच्छ. असा बर्फ माणसाच्या आयुष्यात फार वेळा येत नाही. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आल्विनेला आपल्या सख्ख्या बहिणीचं तोंड बघवेनासं झालं होतं.

तसं पाहिलं तर सगळा दोष त्या 'पंधरां'चा.

आधीच्या काळात खाडीच्या बर्फावर शिडानं पळणाऱ्या नावा कशाही असायच्या. कुणी मासे आणायच्या घसरगाडीवर पोत्याचं शीड बांधलेलं, कुणी जुन्या होडीला खालून लोखंडी पाती ठोकलेली. गढीवरच्या जर्मन बॅरनची नाव तर इतकी लांब होती, की वळेपर्यंत माणसाची न्याहारी उरकावी. प्रत्येकाची नाव वेगळी, त्यामुळे हरणाऱ्याची अब्रू शाबूत राहायची. "माझी नाव जड आहे हो," म्हणायचं, नाक पुसायचं आणि घरी जाऊन कोबीचं सूप प्यायचं. मग राजधानी ताल्लिनहून तो आराखडा आला. नाव इतकी लांब, डोलकाठी इतकी उंच, पंधरा चौरस मीटर कापडाचं शीड, बसणारे दोघं, एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडाची दोरी. देशात कुठंही बांधा, नाव सारखीच झाली पाहिजे. लोक त्यांना नुसतं 'पंधरा' म्हणायला लागले. आणि तेव्हापासून हरणाऱ्याला लपायला जागाच उरली नाही. नाव सारखी, शीड सारखं, वारा तोच. मग उणं कोण? तू.

माणसं पूर्वी दुसऱ्याच्या नावेवर जळायची, ती आता दुसऱ्या माणसावर जळायला लागली.

यावर हाप्सालूच्या क्लबनं एक तोड काढली होती. हरलेल्याला वाटलं, की समोरच्याची नाव आपल्यापेक्षा चांगली निघाली आहे, तर त्यानं शर्यतीनंतर कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर उठायचं, बाहेर जायचं आणि आपला हातमोजा जिंकलेल्या नावेवर ठेवायचा. मोजा ठेवला की पुढच्या रविवारी दोघांनी नावा बदलून धावायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. खालची पाती तेवढी ज्याची त्यानं घ्यायची, कारण पात्यांना धार लावणं हे ज्याच्या त्याच्या मनगटाचं काम. बाकी धड, आडवी फळी, डोलकाठी, शीड, सगळं बदलायचं. आतापर्यंत कितीजणांनी मोजे ठेवले आणि दुसऱ्यांदा हरून गुपचूप परत नेले. तरी हा रिवाज लोकांना आवडायचा. हिवाळा लांब असतो, आणि दुसऱ्याची फजिती बघत कॉफी गोड लागते.

गावातल्या बहुतेक पंधरा मिहकेल मेस्त्रीनं बांधलेल्या. मिहकेल म्हणजे आल्विने आणि हेल्मी यांचा बाप. बायको लवकर गेली, मुलगा नाही. क्लबच्या नियमांत बायकांनी नाव चालवू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण असं काही लिहावं लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आदल्या शरद ऋतूत मिहकेलनं दोन नावा मुलींसाठी बांधायला घेतल्या, तेव्हा क्लबचा पंच, म्हातारा कॅप्टन रूबेन, कारखान्यात येऊन म्हणाला होता, "मेस्त्री, दोन-दोन नावा आणि त्याही पोरींना?"

"मग काय बदकांना देऊ?" मिहकेल रंधा न थांबवता म्हणाला.

थोरली आल्विने लग्न झालेली. नवरा एल्मार रेल्वे स्टेशनावर तिकिटं द्यायचा आणि दोघं बापाच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायची. धाकटी हेल्मी बापाजवळ. आई गेली तेव्हा आल्विने तेरा वर्षांची होती. चूल तिच्याकडे आली, धुणं आलं आणि सुई आली, कारण आई शिडं शिवायची. हेल्मी लहान, घरात एकटी कशी ठेवायची म्हणून बाप तिला कारखान्यात नेऊन बसवायचा. ती भुश्श्यात खेळता खेळता रंधा धरायला शिकली. आल्विनेनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं तेच बघितलं होतं: कारखान्याच्या दिव्याखाली दोन डोकी, एक पांढरं होत चाललेलं, एक पिंगट, एकाच लाकडावर वाकलेली. बाप फळीवर बोटानं ठोकायचा, कान लावायचा, मग हेल्मी कान लावायची. आल्विनेला कधी कुणी कान लावायला बोलावलं नाही. तिला बोलवायचे ते सूप झालं का विचारायला.

दोन्ही नावांची शिडं मात्र तिनंच शिवली. त्यात तिनं लबाडी केली नाही. एका संध्याकाळी हेल्मीच्या शिडाच्या पोटातली शिवण किंचित ओढून घ्यावी, असं मनात येऊन गेलं. दिसलं नसतं कुणाला. वाऱ्यानं काय ते ओळखलं असतं. पण सुई हातात धरली आणि आईचा हात आठवला. तिनं दोन्ही शिडं टाक्याला टाका अशी सारखी उतरवली. नंतर त्या प्रामाणिकपणाचाही तिला राग यायचा.

फळ्यांचं मात्र तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

बर्फनावेचा सगळा जीव त्या आडव्या फळीत असतो. तिच्या दोन टोकांना पाती, मध्ये नावेचं धड. फळी लवचीक हवी, नावेत माणसं बसली की कण्हत खाली वाकायला हवी आणि वाऱ्याचा धक्का पिऊन टाकायला हवी. ताठ फळीची नाव बर्फावर उडते, थरथरते, पातं बर्फावरून सुटतं. मिहकेलनं दोन्ही फळ्या एकाच झाडाच्या केल्या होत्या. त्याच्या बापाच्या शेताच्या कडेला चिवट, लवचीक लाकडाचं एक जुनं अ‍ॅशचं झाड होतं, ते पाडून, मधोमध उभं चिरून. आणि आल्विनेनं पाहिलं, की हेल्मीच्या फळीला बाप पुन्हा पुन्हा जवसाचं तेल चोळतो आहे. आज चोळलं, उद्या चोळलं, परवा शेगडीजवळ ठेवून परत चोळलं. आपली फळी मात्र दोन हात देऊन भिंतीला टेकवून ठेवली.

"माझ्या फळीला तेल संपलं वाटतं?" तिनं दारातूनच विचारलं होतं.

"तुझीला पुरे आहे," मिहकेल मान वर न करता म्हणाला.

ते 'पुरे आहे' तिच्या काळजात जाऊन बसलं, ते बसलंच.

जानेवारीपासून दर रविवारी शर्यती सुरू झाल्या. हेल्मीच्या नावेवर दोरी धरायला वाल्टर होता, औषधवाल्या जर्मन कुटुंबातला, हसरा आणि किडकिडीत. आल्विनेच्या नावेवर एल्मार. एल्मारला वेगापेक्षा शर्यतीनंतरच्या गरम सॉसेजमध्ये रस. हेल्मी जिंकायची. दरवेळी नाही, पण जिंकली की अशी जिंकायची, की बघणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटू नये. आल्विने कधी दुसरी, कधी तिसरी. वाईट नव्हती ती. पण बहीण पहिली आल्यावर दुसरं येणं म्हणजे काय, ते ज्याला बहीण आहे त्यालाच कळेल.

त्यात रिगाचं निघालं. मार्चमध्ये लाट्वियातल्या रिगाला तीन देशांच्या पंधरा भेटणार होत्या. हाप्सालूतून एकच नाव जायची, आणि नावेबरोबर तिचा बांधणाराही, कारण तिथं त्यानं पंचांसमोर सही करून द्यायची, की ही नाव आपल्या बाकीच्या भावंडांसारखीच आहे. म्हणजे जी जिंकेल तिच्याबरोबर बाप आगगाडीनं रिगाला जाणार. डब्यात समोरासमोर बसणार, काळी भाकरी आणि धुरी दिलेले मासे मधे ठेवून. आल्विनेला रिगा बघायचं होतं असं नाही. तिला त्या समोरच्या बाकावर बसायचं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी वारा पश्चिमेचा होता, सरळ आणि घट्ट. आल्विनेनं सुरुवात इतकी छान केली, की एल्मारनंसुद्धा सॉसेज विसरून आरोळी ठोकली. शेवटच्या निशाणापर्यंत ती पुढं होती. मग डावीकडून हेल्मी आली, अगदी सहज, जणू दुकानात पाव आणायला निघाली आहे, आणि पुढं गेली. जाताना तिनं हात हलवला. तो हात आल्विनेला थोबाडीत बसल्यासारखा वाटला.

क्लबच्या खोलीत कॉफीच्या वाफेनं खिडक्या आंधळ्या झाल्या होत्या. कॅप्टन रूबेन भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं नावं लिहीत होता. त्याचा एक कान कधीकाळी बर्फानं खाल्ला होता आणि तो उरलेल्या कानानं सगळ्यांचं ऐकायचा.

"आल्विने, तुझ्या नवऱ्याचं वजन कमी कर," बेकरीवाला जाक म्हणाला. "तो बसला की नाव आधी विचार करते, निघू की नको."

"तुझ्याच बनपावांनी वाढलंय ते," एल्मार म्हणाला. खोली हसली.

"एल्मारचं नका सांगू," आल्विने म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की हसणं मधेच तुटलं. "माझ्या फळीला दोन हात तेल आणि तिच्या फळीला वीस हात. एका झाडाच्या दोन फळ्या म्हणे. झाडाची एक बाजू नेहमीच चांगली असते. ती कुणाच्या वाट्याला गेली, ते मला कुणी शिकवायला नको."

मिहकेल शेगडीपाशी बसला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"आल्विने, बास," एल्मार हळूच म्हणाला. "घरी बोलू."

"घरी बोलून बोलून माझा घसा गेला. घरी मला कोण ऐकतं?"

ती उठली. दार उघडलं तशी थंडी आत शिरली. खोलीतल्या सगळ्यांनी, ज्यांना खिडकी पुसता आली त्यांनी खिडकी पुसून पाहिलं. आल्विनेनं उजव्या हाताचा मोजा काढला आणि हेल्मीच्या नावेच्या नाकावर ठेवला.

असा मोजा आजवर कुणी ठेवला नव्हता. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या नावेवर ठेवणं वेगळं, तिथं तक्रार नशिबाची असते. इथं नाव सख्ख्या बहिणीची आणि बांधणारा बाप. मोजा हेल्मीच्या नावेवर पडला असला तरी गावानं तो मिहकेलच्या तोंडावर पडलेला पाहिला.

तिनं वळून बघितलं, तर हेल्मी दारात उभी होती. चेहरा पांढरा.

"काढ तो," हेल्मी म्हणाली.

"का? भीती वाटते?"

"हो."

"कशाची ग? माझ्या नावेची?"

"आल्विने, ऐक माझं. काढ तो मोजा. मी तुला पुढच्या वेळी जिंकू देते, पण हे नको."

जिंकू देते! आल्विनेच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं मोजा तिथंच सोडला आणि एका हातात मोजा न घालता घरी गेली. बोटं रात्रभर ठणकत राहिली.

तो आठवडा घरात कुणी धड बोललं नाही. मंगळवारी वास्तला होता, ईस्टरच्या उपासांआधीचा खाण्यापिण्याचा सण. वाटाण्याचं सूप आणि डुकराचे पाय शिजले, सायीचे बनपाव आले. गाडी जितकी लांब घसरेल तितका शण उंच वाढतो, म्हणून पोरंबाळं टेकडीवरून घसरगाड्या सोडत होती, ओरडत होती. दरवर्षी मिहकेलही एकदा घसरून यायचा, सगळ्यांत म्हातारा म्हणून टाळ्या घ्यायचा. त्या वर्षी तो गेला नाही. सूप पुढं केलं तेव्हा त्यानं चमचा फिरवत विचारलं, "पाती धार लावून झाली?"

"झाली," आल्विने म्हणाली.

"माझीपण," हेल्मी म्हणाली.

"बरं."

एवढंच. आल्विने मनातल्या मनात चवताळत होती. कबूल कर ना, ती म्हणत होती. एकदा म्हण, हो, मी धाकटीला चांगली फळी दिली, तिच्यावर माझा जीव आहे. म्हणजे मी मोकळी होईन.

रविवारी अख्खं गाव खाडीवर लोटलं. जाकनं टोपली भरून बन आणले होते आणि ते बघता बघता संपले. पाती बदलली. आल्विने हेल्मीच्या नावेत बसली, एल्मारनं दोरी घेतली. वाल्टर हेल्मीबरोबर आल्विनेच्या नावेत. वारा मागच्यासारखाच पश्चिमेचा.

धक्का मारून नाव पळवली, उड्या टाकून दोघं आत बसली आणि पहिल्याच झोतात आल्विनेच्या पाठीच्या मणक्याला कळलं.

फळी वाकली नाही.

तिच्या स्वतःच्या नावेत कसं, माणूस बसला की खालून एक हलका उसासा यायचा आणि नाव बर्फाला चिकटायची. ही चिकटतच नव्हती. बर्फावरची प्रत्येक खपली आल्विनेच्या दातांपर्यंत येत होती. वळणावर वाऱ्याकडचं पातं सुटलं, नाव आडवी घसरली, आणि एल्मार ओरडला, "अगं ए, हे घोडं आहे की नाव?" तिनं सुकाणू दाबून धरलं, दंडात गोळे आले. हेल्मी सगळा हिवाळा हे असं धरत होती? आणि हे धरून हात हलवत होती?

पुढं बघितलं तर तिची स्वतःची नाव, टाक्याला टाका तिनंच शिवलेलं शीड, हेल्मीच्या हाताखाली चालली होती. चालली होती म्हणणं चुकीचं होईल, ती जणू बर्फावर सांडली होती. खाडीवर तसं कुणी कुणाला जाताना आधी पाहिलं नव्हतं. काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक नुसते बघत राहिले.

आल्विने पोचली तेव्हा हेल्मीनं शीड उतरवूनही ठेवलं होतं. मिहकेल त्या नावेशेजारी गुडघ्यांवर बसला होता, मोजे काढून, उघडा तळवा फळीच्या खाली लावून. तो वर बघेना.

आल्विनेनं हेल्मीलाच विचारलं. "तुला माहीत होतं?"

"रंधा मारताना मीच होते ना. तुझ्या फळीचा छिलका लांबलचक निघायचा, बासरीसारखी गुंडाळी होऊन. माझ्या फळीचा तुटून तुटून पडायचा. झाडाची वाऱ्याकडची बाजू ती. ताठ."

"मग ते तेल?"

"जी बरी नसते तिलाच तेल लावतात ग," हेल्मी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "रोज चोळायचे बाबा. माझ्यापुढं लाज वाटायची त्यांना. तुझी भिंतीला टेकवून ठेवली, कारण तिला काही करायलाच नको होतं. आणि तू मला विचारतेस? सगळा हिवाळा मी तुझ्यावर जळतेय, आल्विने! चांगली बाजू तुला दिली. मागितली नव्हतीस तरी दिली. मी कारखान्यात जन्म काढला आणि दिली तुला."

आल्विनेच्या छातीत काहीतरी गरम उसळलं. मला दिली. मला. त्या क्षणी, गाव बघत असताना, आपली बहीण रडत असताना, तिला इतका आनंद झाला, की तिला मान खाली घालावी लागली. तो आनंद पुरता वरपर्यंत आलाच होता, तेवढ्यात मिहकेल बोलला.

"हिला कशीही फळी दिली तरी ही नेते," तो हेल्मीकडे मान करून म्हणाला. "तुला..."

वाक्याचा उरलेला तुकडा आल्विनेला आयुष्यभर पुरला.

"मला जमत नाही म्हणून," तीच म्हणाली.

"तू पडशील, अशी भीती वाटली," मिहकेल म्हणाला. "आई गेल्यावर तुझ्याकडे चूल दिली, खेळायला काही दिलंच नाही. म्हटलं, एवढं तरी बरं द्यावं."

क्लबच्या खोलीत त्या दिवशी कॉफी कुणी ओतली नाही. मिहकेल टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "ह्या दोन नावा सारख्या नाहीत. मापात बसतात, वागण्यात नाही बसत. मला बांधतानाच माहीत होतं."

कॅप्टन रूबेननं खडू खाली ठेवला. "मापात बसतात ना? मग नियमात बसल्या. आणि मिहकेल, हेल्मी तर वाईट फळीवर जिंकलीये. तिला पाठवू. तिचा काय गुन्हा?"

"तिचा नाही."

"मग सही कर आणि जा रिगाला."

"काय सही करू? ही नाव बाकीच्यांसारखी आहे म्हणून? ती नाहीये. आज सगळ्या गावानं पाहिलं."

"अरे, आजच्या आधी कुणाला माहीत होतं?" जाक म्हणाला.

"मला," मिहकेल म्हणाला.

वाल्टर उठून बाहेर गेला. हेल्मी बसून राहिली, हात मांडीवर, तळवे वर केलेले. त्या तळव्यांवर सुकाणूनं आलेले फोड होते, पिकून पिवळे झालेले. आल्विनेनं ते तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तिच्या मनात आलं, उठावं, काहीतरी बोलावं, मोजा मागे घ्यावा. पण ठेवून, धावून झालेला मोजा मागे घ्यायचा रिवाज नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याही वेळी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात असं होतं, की हेल्मीवर अन्यायसुद्धा किती मोठा, किती शोभणारा झाला. आपल्या वाट्याला आली ती नुसती दया.

रिगाला जाकची नाव गेली, ती मिहकेलच्या हातची नव्हती. शेवटून दुसरी आली. जाक वर्षभर सांगत होता, की तिथला बर्फच वाईट.

हेल्मी बापाशी वसंतापर्यंत बोलली नाही. आल्विनेशी बोलायची, पण मिठाचं भांडं मागण्यापुरती. बर्फ वितळला तसं मिहकेलनं दोन्ही नावांच्या फळ्या काढल्या आणि दुसऱ्या झाडाच्या नव्या बसवल्या. ह्या वेळी दोन्ही ठोकून बघायला त्यानं दोघींना बोलावलं. आल्विनेनं फळीला कान लावला. तिला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. पण ती "हं" म्हणाली. जुन्या दोन फळ्या त्यानं सौना-घराच्या भिंतीला लावून दोन बाकडी केली.

त्यानंतर त्यांना थोडेच हिवाळे मिळाले.

जर्मनीनं इथल्या जर्मनांना परत बोलावलं, तेव्हा वाल्टर १९३९च्या शरदात आपल्या लोकांबरोबर बोटीनं तिकडे गेला. धक्क्यावर त्यानं हेल्मीला आपली शिडाची दोरी देऊन टाकली. पुढं युद्धात पूर्वेच्या आघाडीवर तो कुठंतरी मारला गेला, कुठं ते कळलं नाही. देश घेतलेल्या रशियनांनी एल्मारला एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात पकडून नेलं. त्याच्याच स्टेशनावरून, ज्या खिडकीतून तो तिकिटं द्यायचा तिच्यासमोरून. तो उरलच्या पलीकडे एका छावणीत त्याच हिवाळ्यात उपासमारीनं गेला, हे आल्विनेला फार उशिरा कळलं. त्याला सॉसेज किती आवडायचं, हे आठवलं की तिला अजून जेवण जात नसे. मिहकेल त्रेचाळीसमध्ये कारखान्यातच बसल्या बसल्या गेला, मांडीवर रंधा. कॅप्टन रूबेन सगळ्या राजवटी पाहून, सगळ्यांना शिव्या घालून म्हातारपणानं गेला. जाकची बेकरी सरकारची झाली आणि तो तिच्यातच नोकर राहिला, बन मात्र पूर्वीसारखे लागेनात.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, रशियन परत येताहेत म्हणताच, हेल्मी एका कोळ्याच्या होडीतून समुद्र ओलांडून स्वीडनला गेली. आल्विनेलाही चल म्हणाली होती. आल्विने म्हणाली, "एल्मार आला तर?" आणि राहिली.

आल्विनेनं पुढं मच्छीमार संघात ताडपत्र्या शिवल्या. खाडीवर पंधरा पुन्हा धावायला लागल्या, नवी पोरं, नव्या नावा. तिच्याकडे कुणी शिडं शिवायला आणली, तर ती टाक्याला टाका सारखी शिवून द्यायची. मोजा ठेवायचा रिवाज मात्र मोडला. का मोडला ते नव्या पोरांना माहीत नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही.

एकोणसत्तर साली हेल्मी आली. स्वीडनहून येणाऱ्यांना ताल्लिनच्या बाहेर जायची परवानगी नसे, म्हणून आल्विनेच बसनं ताल्लिनला गेली. हॉटेलच्या खाणावळीत दोघी समोरासमोर बसल्या, मधे काळी भाकरी आणि धुरी दिलेले मासे. दोघींचे केस पांढरे. हेल्मी तिकडे स्टॉकहोमजवळच्या बेटांमध्ये राहायची, नवरा स्वीडिश, दोन मुलं. पन्नाशी उलटेपर्यंत बर्फावर नाव चालवत होती. आल्विनेनं मासा सोलता सोलता तिचे तळवे पाहून घेतले.

"बाबांची बाकडी आहेत का अजून?" हेल्मीनं विचारलं.

"आहेत."

"कुठल्यावर बसतेस?"

"ताठ आहे ना, त्याच्यावर. तुझ्या."

"आणि चांगल्यावर?"

"त्याच्यावर कपडे वाळत घालते."

हेल्मी हसायला लागली, इतकी की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "जळकी कुठली! अजूनही मला वाटतं, त्यांचा तुझ्यावरच जीव होता."

"हो का?" आल्विने म्हणाली आणि तिनं मोठा मासा हेल्मीच्या ताटात वाढला. "परत म्हण बघू."